टेस्टिंगमध्ये यायचंय: आधी मॅन्युअल की थेट ऑटोमेशन?

सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये करिअर करायचं ठरलं की बहुतेकांची गाडी इथेच अडते, आधी मॅन्युअल (हाताने तपासणं) शिकू का सरळ ऑटोमेशनसाठी (स्क्रिप्ट लिहून आपोआप तपासणं) सेलेनियम या टूलच्या क्लासला बसू. माझं मत विचाराल तर आधी मॅन्युअलच, फक्त त्यातच बसून राहू नका.

मॅन्युअल म्हणजे नुसतं क्लिक करत बसायचं असं वाटत असेल तर एक साधा फॉर्म घ्या. वयाचा रकाना, नियम 18 ते 60. नवीन माणूस 25 टाकतो, चाललं म्हणतो आणि पुढे जातो. ज्याने बाउंड्री व्हॅल्यू, म्हणजे नियमाच्या काठावरचे आकडे, नीट समजून घेतलीय तो 17, 18, 60, 61 टाकतो, कारण कोड लिहिताना चूक होते ती बरोबर या काठांवरच, "60 पेक्षा कमी" आणि "60 किंवा कमी" यात एका चिन्हाचा तर फरक असतो. मग तो रकाना रिकामा सोडून बघतो, 18.5 टाकतो, आकड्यामागे स्पेस ठेवून पेस्ट करतो, सेव्ह दोनदा पटापट दाबतो आणि एकाच माणसाच्या दोन नोंदी झाल्या का ते तपासतो. ही नजर कुठलंच टूल देत नाही हो, ती हाताने टेस्ट करूनच येते. आणि बग (सापडलेली चूक) लिहिणं पण इथेच शिकता. "लॉगिन होत नाही" एवढंच लिहिलं तर डेव्हलपर दोन तासांनी "माझ्याकडे चालतंय" म्हणून परत पाठवणार, तेच कुठला ब्राउझर, कुठल्या स्टेप्स, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं हे लिहिलं की तो लगेच कामाला लागतो.

आता ऑटोमेशन. इथे कोडिंग लागतंच, जावा, पायथन, जावास्क्रिप्ट, कुठलंही एक चालेल पण नीट यायला पाहिजे. सेलेनियम 2004 पासून आहे त्यामुळे जुन्या प्रोजेक्ट्समध्ये तेच जास्त दिसतं, प्लेराइट हे तसंच टूल मायक्रोसॉफ्टने 2020 मध्ये आणलं आणि बटण क्लिक करण्याजोगं होईपर्यंत ते स्वतःच थांबतं, म्हणून नवशिक्याला सोपं जातं. सेलेनियममध्ये हे थांबणं आपल्याला लिहावं लागतं. मी सुरुवातीला सगळीकडे पाच पाच सेकंदांचा स्लीप (ठरावीक वेळ थांबायची सूचना) टाकला होता, दिवसा टेस्ट पास, रात्री सर्व्हर हळू झाला की फेल, आणि सकाळी खरा बग कुठला आणि माझ्या स्क्रिप्टचा दोष कुठला हेच शोधत बसायचो. मुद्दा हा की स्क्रिप्ट तेवढंच तपासते जेवढं तुम्ही तिला सांगता. काय तपासायचं हेच माहीत नसेल तर शंभर टेस्ट हिरव्या दिसतील आणि बग खुशाल युजरपर्यंत जाईल.

मग मॅन्युअलचा तोटा काय? तोच रिग्रेशन (जुनं सगळं अजून चालतंय ना ते परत तपासणं) दर रिलीजला हाताने करायचा, दोन वर्षांनी कंटाळा येतो आणि पुढच्या जागांसाठी ऑटोमेशन मागतातच. म्हणून पहिले तीन-चार महिने टेस्ट केसेस, बग रिपोर्ट, थोडं एसक्यूएल (डेटाबेसमधली माहिती काढायची भाषा) आणि पोस्टमन या टूलवर एपीआय टेस्टिंग (प्रोग्रॅम एकमेकांशी नीट बोलतात का ते तपासणं), आणि त्याच काळात रोज तासभर एका भाषेचा सराव, असं केलं तर पुढे जड जात नाही.

तुम्ही आधीच कोड लिहिता का? मग थेट ऑटोमेशन घ्या, काही हरकत नाही, पण वरचा वयाचा फॉर्म एकदा हाताने करून बघा.

आयएसटीक्यूबी फाउंडेशन या टेस्टिंगच्या सर्टिफिकेट परीक्षेबद्दल पण विचारतात. 40 प्रश्न, 60 मिनिटं, पास व्हायला 65 टक्के, आणि परीक्षा आपल्या मातृभाषेत नसेल तर 15 मिनिटं जास्त मिळतात. शब्द पक्के व्हायला ती चांगली आहे, पण इंटरव्ह्यूमध्ये समोर एखादी स्क्रीन ठेवून "टेस्ट कर" म्हटलं की सर्टिफिकेट बाजूला राहतं. त्यापेक्षा रोज वापरता ते एखादं ॲप उघडा, त्यातले दहा बग शोधा आणि स्टेप्ससकट लिहून ठेवा, इंटरव्ह्यूमध्ये दाखवायला तेच उपयोगी पडेल.