स्क्लेरल लेन्सच्या नावाखाली झालेली फसवणूक

वेंगुर्ल्याजवळच्या एका नेत्रतपासणी शिबिरात माझ्या पुतणीला दोन्ही डोळ्यांच्या मिळून ३८,००० रुपयांना ज्या लेन्स ‘स्क्लेरल’, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावर बसणाऱ्या मोठ्या लेन्स, म्हणून विकण्यात आल्या, त्या स्क्लेरल नव्हत्याच. त्या वापरल्यामुळे तिच्या उजव्या बुबुळावर व्रण राहिला आहे. कोकणपट्टीत अशी शिबिरे अजूनही भरत असल्यामुळे, नेमके काय घडले आणि खरी तपासणी कशी असते, हे सविस्तर लिहीत आहे.

पुतणीला केरॅटोकोनस आहे. या आजारात डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, हळूहळू पातळ होतो आणि शंकूसारखा पुढे येतो. आजार बहुधा किशोरवयात किंवा ऐन तारुण्यात सुरू होतो आणि डोळे चोळण्याची सवय त्याला हातभार लावते. पृष्ठभागच वेडावाकडा झाल्याने चष्म्याचा नंबर कितीही बदलला तरी अक्षरांना शेपट्या फुटलेल्या दिसतात. ती काजूच्या कारखान्यात हिशेबाचे काम करते आणि तीन व आठ हे आकडे तिला वेगळे ओळखू येईनासे झाले होते. अशा माणसाला कोणी ‘ऑपरेशनशिवाय स्वच्छ दिसेल’ असे सांगितले, तर त्याने विश्वास का ठेवू नये?

शिबिरातल्या माणसांनी डोळा यंत्रासमोर ठेवून नंबर काढला, छापील चिठ्ठी दिली, निम्मी रक्कम रोख घेतली आणि लेन्स कुरियरने येतील असे सांगितले. पावतीवर केवळ ‘लेन्स’ एवढाच शब्द होता. लेन्सच्या दाबाने बुबुळाचा फुगवटा बसतो आणि आजार बरा होतो, त्यामुळे दुसऱ्या कोणत्याही उपचाराची गरज नाही, असेही त्यांनी ठामपणे सांगितले. हे धादांत खोटे आहे. कोणतीही लेन्स केरॅटोकोनस बरा करत नाही. ती लावलेली असेपर्यंत नीट दिसते, इतकेच.

खरी स्क्लेरल लेन्स कॉर्नियावर टेकतच नाही. ती डोळ्याच्या पांढऱ्या भागावर बसते आणि कॉर्नियावरून कमानीसारखी जाते. मधल्या पोकळीत संरक्षक रसायन नसलेले सलाईन भरलेले असते. हा द्रवाचा थर कॉर्नियाचे सगळे उंचवटे भरून काढतो आणि प्रकाशाला नवा गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो, म्हणूनच जिथे चष्मा हरतो तिथे ही लेन्स उपयोगी पडते. भाजलेल्या किंवा रसायनाने दुखावलेल्या डोळ्यांना, स्टीव्हन्स-जॉन्सन या बहुधा औषधाच्या तीव्र प्रतिक्रियेतून होणाऱ्या आजारानंतर कोरड्या पडलेल्या डोळ्यांना आणि कॉर्निया बदलल्यानंतरही अंधूक दिसणाऱ्यांना तिचा आधार मिळतो, तो याच कारणाने.

अर्थात अशी लेन्स डब्यातून काढून विकता येत नाही. आधी कॉर्नियाचा नकाशा काढतात, मग संचातली ट्रायल लेन्स डोळ्यात बसवतात आणि ती पांढऱ्या भागावर स्थिरावेपर्यंत बराच वेळ बसवून ठेवतात. त्यानंतर फ्लुओरेसिनचा रंग आणि निळा प्रकाश वापरून स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली, पाहतात, की लेन्स कुठे टेकते का आणि कडेच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात का. हे सगळे पाहून त्या एका डोळ्यासाठी लेन्स घडवून घेतली जाते आणि ती आल्यावरही बदल करावे लागतात. हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था आणि चेन्नईचे शंकर नेत्रालय येथे हे काम होते. माझ्या मते तपासणीचा हा वेळच रुग्णाच्या पैशाचे खरे मोल आहे; ट्रायल लेन्स न बसवता स्क्लेरल लेन्सची ऑर्डर घेणारा माणूस फसवतो आहे, असे खुशाल समजावे.

लेन्स लावल्यावर पुतणी म्हणाली, “काकानू, डोळ्यात वाळू गेल्यासारख्या वाटता.” फोन केला तेव्हा ‘सवय होईल’ असे उत्तर मिळाले. धुण्यासाठी विहिरीचे उकळलेले पाणी चालेल, असाही सल्ला त्याच फोनवर मिळाला. तो आम्ही मानला नाही, पण इतरांनी मानला असेल याची मला भीती वाटते. विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्यात अकांथअमीबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो. त्याच्या संसर्गाने कॉर्निया कायमचा निकामी होऊ शकतो आणि त्याचे कवच चिवट असते. लेन्सला कोणतेही साधे पाणी लावू नये.

गोव्यातील कॉर्नियातज्ज्ञांनी लेन्स मोजली. ती साध्या कडक लेन्सच्या मापाची, दहा मिलिमीटरहूनही लहान होती. स्क्लेरल लेन्सचा व्यास साधारण चौदा मिलिमीटरच्या पुढे असतो, तर कॉर्निया सुमारे बारा मिलिमीटर रुंद असतो. म्हणजे आरशात पाहिले तरी ओळख पटते: लेन्सची कड काळ्या-तपकिरी वर्तुळाच्या आतच दिसत असेल, तर ती स्क्लेरल नव्हे. शिवाय खरी लेन्स सलाईनने काठोकाठ भरून, मान खाली घालून लावावी लागते. आम्हाला ती बोटावर कोरडी ठेवून लावायला सांगितले होते. कडक लहान लेन्स ही वाईट वस्तू नव्हे, केरॅटोकोनसमध्ये ती अनेकांना उत्तम चालते. मात्र तीही बेतून बसवावी लागते. पुतणीच्या डोळ्यात ती शंकूच्या टोकावर घासत राहिली.

पैशांपेक्षा मला वाया गेलेल्या महिन्यांचा राग अधिक येतो. आजाराची वाढ थांबवण्यासाठी क्रॉस-लिंकिंग हा उपचार आहे: रायबोफ्लेविनचे (ब-२ जीवनसत्त्वाचे) थेंब घालून कॉर्नियावर अतिनील किरण सोडतात. नेहमीच्या पद्धतीसाठी कॉर्निया साधारण ४०० मायक्रॉन (०.४ मिलिमीटर) तरी जाड असावा लागतो. ‘दुसऱ्या उपचाराची गरज नाही’ या एका वाक्यामुळे पुतणीचा डावा कॉर्निया त्या मर्यादेजवळ येऊन ठेपला. सुदैवाने तिथे उपचार करता आला.

आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगासाठी कागद जमवत आहोत. लेन्सच्या डबीवर उत्पादकाचे नाव-पत्ता किंवा बॅच क्रमांक नाही, हा आमच्या तक्रारीतला महत्त्वाचा मुद्दा आहे. अशाच शिबिरातून लेन्स घेतलेल्यांनी ती आजच काढून ठेवावी आणि कॉर्नियातज्ज्ञांना डोळा दाखवावा. लेन्स, डबी, कुरियरचे पाकीट आणि पैसे दिल्याची नोंद यांपैकी काहीही फेकू नये. लेन्सचे माप तज्ज्ञांकडून लेखी घ्यावे, कारण आमच्या तक्रारीचा सगळ्यात भक्कम पुरावा तोच कागद आहे.