काकूची टिकली लावलेला ऑक्सिमीटर : 11 महिन्यांच्या वापरानंतर

हे यंत्र, म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर, मी स्वतःसाठी घेतलं नव्हतं. मी नाशिकला सिडकोत राहते आणि काका-काकू पंचवटीत, कारंज्याजवळच्या जुन्या वाड्यात. काका 78 वर्षांचे, नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. काकू 72 वर्षांची, तिला बीपीची गोळी चालू आहे. त्यांना मूलबाळ नाही, त्यामुळे त्यांचं सगळं मीच बघते. सप्टेंबर 2020 मध्ये, कोरोनाच्या दिवसांत, ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या सरकारी मोहिमेतल्या ताई वाड्यात आल्या आणि दोघांचं तापमान, ऑक्सिजन तपासून गेल्या. संध्याकाळी काकांचा फोन आला, “असलं एक आपल्या घरात पाहिजे.” त्याच आठवड्यात औषधाच्या दुकानातून 1,800 रुपयांना आणलं. बोटाला चिमट्यासारखं लावायचं, वर दोन लाल आकडे, आधी ऑक्सिजनचा, खाली नाडीचा. अगदी साधी जात.

काकांचा पहिला प्रश्न, सुई न टोचता याला रक्तातलं कसं कळतं? मी वाचून सांगितलं. चिमट्याच्या एका बाजूने दोन उजेड बोटातून जातात, एक लाल आणि एक डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड. ऑक्सिजन घेतलेलं रक्त इन्फ्रारेड जास्त शोषतं, ऑक्सिजन सोडून आलेलं रक्त लाल जास्त शोषतं. पलीकडे किती उजेड पोचला ते सेन्सर मोजतो आणि नाडीच्या ठोक्यागणिक होणाऱ्या फरकावरून टक्का काढतो. एवढं कळल्यावरच काकांचा त्यावर विश्वास बसला. त्यांनी वही आखली: तारीख, वेळ, ऑक्सिजन, नाडी, शेरा. सकाळी 7 आणि रात्री 9 ला फोनवर आकडे सांगायचे, असं ठरलं.

पहिले दोन महिने काही विशेष झालं नाही. डिसेंबरच्या थंडीत मात्र काकांचे आकडे पहाटे 91, 92 येऊ लागले. माणूस ठणठणीत, पण गार पाण्याने तोंड धुतल्यावर बोटं बर्फासारखी. बोटात रक्तच कमी पोचत असेल तर यंत्र मोजणार काय? तळवे चोळून, चहाचा कप दोन मिनिटं हातात धरून बसवलं की तोच आकडा 96 वर यायचा. तेव्हापासून नियमच केला: बसून, हात मांडीवर टेकवून, बोट ऊब आलेलं, नखाला रंग नाही, आणि आकडा स्थिर होईपर्यंत पूर्ण एक मिनिट थांबायचं. लावल्या लावल्या दिसतो तो आकडा वहीत लिहायचा नाही.

आता एप्रिल 2021 ची गोष्ट. बाजारांत शिरायला 5 रुपयांची पावती आणि तासाभरात बाहेर, नाहीतर 500 रुपये दंड, असे ते दिवस. रात्री 8 नंतर संचारबंदी. 9 ला फोन केला तर काकू म्हणाली, “यांचे 88 आणि 86.” ती नेहमी आधी ऑक्सिजन सांगते, मग नाडी. ऑक्सिजन 88! मी स्कूटर काढली. मुंबई नाक्यावर नाकाबंदी होती. पोलिसांना काकूचा फोन जोडून दिला, वहीच्या पानांचे फोटो दाखवले, त्यांनी लगेच सोडलं. द्वारकेवरून कन्नमवार पूल ओलांडून वाड्यात पोचले तेव्हा काका झोपाळ्यावर बसून खिचडी खात होते.

मी पुन्हा यंत्र लावलं. 98 आणि 88. मग काकूला म्हटलं, तू कसं लावलंस ते दाखव. ती काकांच्या समोर बसायची, चष्मा लावून वाकून वाचायची. यंत्र तिच्याकडून उलटं दिसत होतं. 98 उलटा धरला की 86 होतो, 88 उलटाही 88 च राहतो, आणि खालचा आकडा वर येतो. म्हणून 88 आणि 86. कडेची इंग्रजी अक्षरंही उलटी होती, पण काकू इंग्रजी वाचत नाही. तिचं काहीच चुकलं नव्हतं. घरात म्हातारी माणसंच असतात हे या यंत्राच्या पडद्याचा विचार करताना कुणाच्या मनात आलं नव्हतं. काकूने कपाळाची टिकली काढली आणि यंत्राच्या वरच्या टोकाला चिकटवली. टिकली वर दिसली तरच वाचायचं. ती टिकली अजून तिथेच आहे.

पुढच्या पंधरवड्यात काकूलाच ताप आला. रिपोर्ट पॉझिटिव्ह. काकांना माडीवर हलवलं, मी डबा दारात ठेवून अंगणातून बोलायची. काकू हिंडत होती, भांडी घासत होती, धाप बिलकुल नाही. फोनवर तिच्या आवाजावरून कुणालाही वाटलं असतं, हिला काही झालेलं नाही. वही वेगळं सांगत होती: 97, 96, 95, 94. डॉक्टरांनी सांगितलं, वय बघता नेहमीच्या 6 मिनिटांऐवजी 3 मिनिटं ओसरीवर चालवा, ऑक्सिजन 3 टक्क्यांपेक्षा जास्त उतरला तर वाट बघू नका, रुग्णालयात न्या. ती चालली, बसली, 90. तरी म्हणाली, “मला काहीच होत नाहीये गं.”

दीड दिवस बेड मिळाला नाही. जिथे फोन लावला तिथे पहिला प्रश्न ऑक्सिजन किती हाच. त्याच आठवड्यात, 21 एप्रिलला, डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून ऑक्सिजन गळून वीसहून अधिक रुग्ण गेले होते. कुणाचा फोन वाजला तरी छातीत धस्स व्हायचं. त्या दीड दिवसात डॉक्टरांच्या सांगण्यावरून काकूला पालथं झोपवलं: एक उशी मानेखाली, दोन छातीपासून मांड्यांपर्यंत, दोन नडग्यांखाली. पहिल्या तासात 91 चे 94 झाले. ते आकडे चढताना बघणं मी विसरणार नाही. शेवटी एका रुग्णालयात जागा झाली. तिथल्या डॉक्टरांनी वहीची चार पानं उलटली आणि म्हणाले, बरं झालं लिहिलंत. आठ दिवसांनी काकू घरी आली.

आता यंत्राबद्दल. सातव्या महिन्यात चिमट्याची स्प्रिंग सैल झाली, बारीक बोटावरून घसरतं. दुकानदार म्हणाला, बॉक्स आणि बिल दोन्ही आणा, आणि बॉक्स आम्ही टाकून दिला होता. तुम्ही टाकू नका. रिमोटचे छोटे दोन सेल लागतात, दोन माणसांच्या रोजच्या वापरात अडीच-तीन महिने पुरतात. सेल उतरायला लागले की पडदा मंद होतो, आणि म्हाताऱ्या डोळ्यांना 6 आणि 8 सारखेच दिसतात. दोन-तीन टक्क्यांचा फरक याच्यात धरूनच चालायचा. शिवाय सावळ्या, काळ्या कातडीवर ही यंत्रं आकडा खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी 2021 मध्ये दिला आहे. आपल्या घरांत हे लक्षात ठेवायलाच हवं. म्हणून मी एका आकड्यावर कधीच जात नाही. रोज त्याच वेळी, त्याच बोटावर घेतलेले आठवड्याचे आकडे बघते.

नवीन घेणार असाल तर पडदा फिरवता येतो असा घ्या, आणि ठोक्याबरोबर हलणारी रेघ दिसते असा. रेघ अडखळत असेल तर त्या वेळचा आकडा धरू नका. जुलै 2021 मध्ये सरकारने या यंत्रांवरच्या नफ्याला 70 टक्क्यांची मर्यादा घातली होती. माझ्यासारखे 1,800 देऊ नका, छापील किंमत बघून घ्या. आणि आई-वडील, काका-काकू वेगळे राहत असतील तर सोबत वही द्या आणि रोज फोन करा. यंत्र नुसतं पाठवून दिलं तर ते कपाटात पडून राहतं, हे मी शेजारच्या दोन घरांत पाहिलं आहे.

ऑगस्ट 2021 मध्ये हे लिहिलं तेव्हा देवळं अजून बंद होती, त्यामुळे काकांचं सकाळचं दर्शन सुटलं ते सुटलंच. वही दुसरी लागली. त्या सकाळचे आकडे: काकू 97, 74. काका 96, 70. शेऱ्याच्या रकान्यात काकांनी लिहिलंय, गोदावरीला पाणी वाढलं.