१९६६ ची फोर्ड मस्टँग कन्व्हर्टिबल घरीच दुरुस्त करून नव्याने उभी केली: एक हंगाम चालवल्यानंतरचा अनुभव

मे महिन्यात गाडी गॅरेजबाहेर काढली आणि ऑक्टोबर सरता सरता पुन्हा आत लावली. मधला सगळा उन्हाळा ती मनसोक्त चालवली. डेट्रॉइटच्या उपनगरांत किराणा आणण्यापासून थेट मिशिगनच्या उत्तरेतल्या मॅकिनॉ पुलापर्यंत, ऊन-पाऊस दोन्हींत. गाडी पूर्ण झाल्यापासून ओळखीच्यांचे प्रश्न ठरलेले: इंजिन किती ताकदीचं, रंग कुठून मारला, क्रोम नवं की जुनं? चालवून झाल्यावर मी उत्तर देतो ते वेगळ्याच गोष्टीबद्दल. उघड्या टपाच्या गाडीत पैसा आणि कष्ट आधी तळाच्या पत्र्यात घालायचे. बाकी सगळं नंतर.

गाडीची कुंडली आधी सांगतो. चासी नंबरची सुरुवात ६एफ०८सी. म्हणजे १९६६ चं मॉडेल, डेट्रॉइटजवळच्या डिअरबॉर्नच्या कारखान्यात बनलेली, कन्व्हर्टिबल म्हणजे उघड्या टपाची, आणि २८९ घनइंचांचं व्ही-८ इंजिन, दोन बॅरलच्या कार्बोरेटरचं. कंपनीच्या आकड्यानुसार २०० हॉर्सपॉवर. गिअरबॉक्स तीन गतींचा सी-४ ऑटोमॅटिक. त्या वर्षी फोर्डने ७२,११९ कन्व्हर्टिबल मस्टँग बनवल्या, त्यामुळे ही काही दुर्मीळ चीज नाही, आणि घरी काम करणाऱ्यासाठी हीच सगळ्यात मोठी सोय आहे. जवळपास प्रत्येक भाग नवा बनवलेला मिळतो. रंग मी दरवाजावरच्या पट्टीवर छापलेल्या ‘एम’ कोडप्रमाणेच ठेवला, विम्बल्डन व्हाइट. इथल्या हेन्री फोर्ड म्युझियममध्ये पहिल्या अनुक्रमांकाची मस्टँग उभी आहे, तीही याच रंगाची आणि कन्व्हर्टिबलच. १९६४ साली कॅनडातल्या स्टॅनली टकर या वैमानिकाला ती चुकून विकली गेली होती. पुढे फोर्डने दहा लाखांच्या पुढची पहिली मस्टँग त्याला देऊन ती परत घेतली. काम रखडलं की मी तिथे जाऊन ती बघून यायचो.

आता मुख्य गोष्ट. मस्टँगला वेगळी चासी नाही. फोर्डच्याच फाल्कन या गाडीच्या धर्तीवर घडवलेली ही गाडी, तिचा सगळा भार पत्र्याच्या एकसंध सांगाड्यावर. बंद गाडीत छत हा त्या सांगाड्याचा भाग असतो. छत काढलं की तो भार तळ आणि दारांखालचे लांब पोकळ पत्रे, म्हणजे रॉकर, यांच्यावर येतो. म्हणून फोर्डने कन्व्हर्टिबलला रॉकरच्या आत जादा जाड पत्रा दिला, सीटखाली आधाराचे आडवे ब्रेस दिले आणि दोन्ही बाजूंना टॉर्क बॉक्स, म्हणजे पीळ सोसणारे पत्र्याचे पोकळ कप्पे, दिले. मिशिगनच्या रस्त्यांवर हिवाळाभर मीठ पडतं, आणि ते नेमकं याच बंद कप्प्यांत जाऊन बसतं. माझ्या गाडीचं वरचं अंग बऱ्यापैकी शाबूत होतं. रॉकर मात्र स्क्रूड्रायव्हर टोचला की आत जायचा.

इथे ज्यांना काम करायचं आहे त्यांनी एक गोष्ट गाठीशी बांधावी. तळाचा एक इंचही कापण्याआधी दाराच्या चौकटीत, बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत, लोखंडी नळी वेल्ड करून टाकायची. नाहीतर तळ सुटला की गाडी मधोमध वाकते आणि नवा पत्रा त्या वाकड्या आकारातच पक्का होतो. मग दार कुठल्याच बिजागरीने बसत नाही. दुसरं असं की शेवटची वेल्डिंग करताना वजन चाकांच्या जागी पेललेलं असावं, दोन्ही टोकांना स्टँड लावून मध्ये गाडी लोंबकळत ठेवू नये. शेजारच्या रस्त्यावर राहणारे एक निवृत्त वेल्डर मला हे शिकवायला कितीतरी संध्याकाळी येऊन बसले. एकेक पत्रा टाचून झाला की ते दाराच्या फटीत वर, मध्ये आणि खाली ड्रिलचा एकच बिट सरकवून बघायचे. तिन्ही ठिकाणी सारखा अडकला तरच पुढचा टाका.

त्या कामाचं फळ उन्हाळाभर मिळालं. रेल्वेचे रूळ ओलांडताना अशा गाड्यांची समोरची काच आणि स्टेअरिंग हुडहुडी भरल्यासारखी थरथरतात. माझ्या गाडीत ती थरथर आहे, पण जेमतेम. एक चाक फुटपाथच्या कडेवर चढवून गाडी उभी केली तरी दोन्ही दारं उघडतात आणि लागतात. ही परीक्षा विकत घेतानाही करावी, विकणाऱ्याने परवानगी दिली तर.

दुसरं दुखणं काउलचं, म्हणजे समोरच्या काचेखालच्या पोकळ कप्प्याचं. त्यावर जाळी असते, तिच्यातून हवा आत येते आणि पावसाचं पाणीही. ते पाणी दोन्ही टोकांनी फेंडरच्या आत उतरून जमिनीवर जायला हवं. पण पानं कुजून तिथे गाळ साठतो, हवेच्या भोकाभोवतीची पत्र्याची कडा गंजते, आणि पाणी सरळ पायांवर पडतं. वरून काहीच दिसत नाही. मी जाळीत बाटलीभर पाणी ओतलं आणि डॅशबोर्डखाली टॉर्च घेऊन पाठीवर पडून राहिलो. आधी काही नाही, मग हीटरच्या मागून एक तांबूस धार. बाजारात यावर प्लास्टिकच्या टोप्या मिळतात, सील करायची डिंकासारखी द्रव्यं मिळतात. माझं स्पष्ट मत, यात पडू नये. पत्रे जोडणारे ठिपक्यांसारखे स्पॉट वेल्ड एकेक करून कटरने सोडवायचे, वरचं पॅनेल उचलायचं, खालचं नवं बसवायचं. कंटाळवाणं काम आहे. पण जुलैमध्ये धो धो पावसात अडकलो तेव्हा गालिचा कोरडा होता.

इंजिनबद्दल लिहायला फार नाही, कारण ते सोपं आहे. मशीन शॉपमधून ब्लॉक बोअर करून आणला, हेडमध्ये शिशाविना पेट्रोलला टिकतील अशा कडक व्हॉल्व्ह सीट घातल्या. इंधनाच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घेतल्या, जुनं रबर आजच्या पेट्रोलने कुजतं. ठिणगीची वेळ साधणारे जुने पॉइंट काढून त्याच डिस्ट्रिब्युटरमध्ये इलेक्ट्रॉनिक इग्निशन घातलं. ऑइल जस्त जास्त असलेलं वापरतो, जुन्या धाटणीच्या कॅमशाफ्टला ते लागतं. उन्हाळाभर एकदाही रस्त्यात बंद पडली नाही. गॅलनला पंधरा-सोळा मैल देते, म्हणजे लिटरला साडेसहा किलोमीटरच्या आसपास.

ब्रेकच्या बाबतीत मात्र मूळचंच ठेवायचा हट्ट धरू नये. १९६६ च्या गाडीत चारही चाकांना एकाच सर्किटचा मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलणारा) आहे. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. मी दुहेरी मास्टर सिलिंडर आणि पुढे डिस्क ब्रेक बसवले. मूळ भाग पेटीत जपून ठेवलेत, उद्या कुणाला हवे तर परत लागतील. प्रदर्शनात यासाठी गुण कापले जातात. कापू देत, मागे मुलं बसतात.

टपाचं काम मी बाहेर दिलं नाही, आणि त्याचं समाधान आहे. आधी लोखंडी सांगाडा समोरच्या चौकटीवर नीट बसवायचा, मग पॅड, मग बाजूंच्या तारा, मग मागची खिडकी, सगळ्यात शेवटी व्हिनाइल. कापड ऊन देऊन मऊ केल्याशिवाय ताणू नये. रोजच्या वापरात दोनच पथ्यं: ओला टप दुमडायचा नाही आणि खाली घेण्याआधी मागच्या प्लास्टिकच्या खिडकीची झिप उघडायची, नाहीतर तिला कायमची घडी पडते. हायवेला सत्तर मैलांवर टप बंद असतानाही बोलायला आवाज चढवावा लागतो, हे गृहीत धरा. पन्नास-पंचावन्नचे साधे रस्ते हाच तिचा प्रांत.

नव्याने बनवलेल्या भागांत सगळं सारखं नसतं. पत्र्याचे मोठे भाग छान जुळले. दारांची रबरं मात्र एका दुकानाची इतकी जाड निघाली की दार लागेना. ती परत पाठवून दुसरीकडून मागवली. मूळ भाग थोडाही वाचण्यासारखा असेल तर तोच वाचवावा. क्रोमच्या पट्ट्यांना तर हे शंभर टक्के लागू.

जूनमध्ये आई-बाबा नाशिकहून आले होते. बाबांनी आयुष्यभर फियाट स्वतःच्या हाताने दुरुस्त केली, त्यामुळे त्यांनी आधी बोनेट उघडायला लावलं आणि मग बसले. आईला उंच पाठीची सीट नसल्याने मानेला आधार मिळत नाही, लांबच्या प्रवासात तिला त्रास झाला. पट्टेही फक्त कमरेचे होते. पुढच्या सीटना खांद्याचे पट्टे मी नंतर लावून घेतले. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची ड्रीम क्रूझ असते, १९९५ पासून चालत आलेली. तिथे गोगलगाईच्या गतीने, कडक उन्हात तासन् तास चालवूनही इंजिनाच्या तापमानाचा काटा मधल्या रेषेवरून हलला नाही. नळ्यांच्या तीन ओळींचा नवा रेडिएटर घातल्याचं सार्थक तिथे झालं.

नंबर प्लेटबद्दलही लोक विचारतात. मिशिगनमध्ये हिस्टॉरिक प्लेट स्वस्त पडते, पण तिच्यावर गाडी मेळावे, परेड, प्रदर्शनं यांसाठीच नेता येते. सर्वसाधारण वापराला मोकळीक वर्षातल्या मोजक्याच काळात. मला रोज चालवायची होती म्हणून नेहमीची प्लेट घेतली.

विकत घ्यायला निघाला असाल तर सोबत लोहचुंबक आणि टॉर्च न्या. चुंबक जिथे चिकटत नाही तिथे रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे असं समजा. चकचकीत रंगाच्या, लांबी भरलेल्या गाडीपेक्षा उघडा गंज दिसणारी, पण अंगाने सरळ गाडी घ्या. बंद पडलेलं इंजिन असलं तरी हरकत नाही, त्यावर भाव पाडून मिळतो.

या हिवाळ्यात मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे बुश बदलायचे आहेत, वळणावर मागून बारीक करकर येते. आणि रॉकरच्या आत गंज रोखणाऱ्या मेणाचा दुसरा हात मारायचा आहे, लांब नळीने, शेवटच्या कोपऱ्यापर्यंत.