हलकी ई-सायकल घेताना वजनाआधी चार्जिंगचं भोक बघा

कित्येक महिने बिनतक्रार चाललेली माझी ई-सायकल मध्यंतरी चार्जच होईना. मोटर चांगली, बॅटरी चांगली, चार्जर तपासून घेतला तर तोही चांगला. दोष निघाला चार्जिंगच्या भोकात. नाण्याएवढी जागा, आत पिना, वर रबराचं झाकण. एवढ्याशा जागेपायी अख्खी सायकल दुकानात पडून राहिली आणि मला रोज चालत जावं लागलं. म्हणून हे चिडूनच लिहितेय.

सायकल सरळ हँडलची, साधारण १६ किलोची, मागच्या चाकात हब मोटर, म्हणजे चाकाच्या मध्यभागीच बसवलेली. २५० वॉट-तासांची बॅटरी फ्रेमच्या खालच्या नळीत कायमची बंद. या वर्गात शोधाशोध केलेल्यांना मोटरींच्या टॉर्कचे, म्हणजे फिरवण्याच्या जोराचे, आकडे पाठ असतात: माहले एक्स३५ चा ४० न्यूटन-मीटर, स्पेशलाइज्डच्या एसएल १.१ चा ३५, टीक्यू एचपीआर५० चा ५०, बॉश परफॉर्मन्स लाइन एसएक्सचा ५५, फाझुआ राइड ६० चा ६०. पण हे आकडे सरळ एकमेकांशेजारी मांडता येत नाहीत. यातली एक्स३५ हब मोटर आहे, बाकीच्या पॅडलजवळ बसणाऱ्या, म्हणजे मधल्या मोटरी. हब मोटरचा टॉर्क थेट चाकावर लागतो. मधल्या मोटरचा टॉर्क गिअरमधून जातो. पुढे ४० दात आणि मागे २० असतील तर ५० चे चाकापाशी २५ उरतात. मागे ४० दातांवर गेलात तर पुरे ५० मिळतात. म्हणजे चढावर मधली मोटर भारी पडते ती गिअर उतरवल्यावर.

धाकट्या भावाकडे मधल्या मोटरची सायकल आहे. सुरुवातीचे महिने मी सगळ्यांना सांगायचे की घ्यायची तर तीच घ्या. लांब, खड्या चढावर हब मोटर वेग मंदावला की दमते, हे अजूनही खरं आहे. चाक हळू फिरलं की मोटरही हळूच फिरते आणि तेव्हा बरीच वीज उष्णतेत जाते. पण रोजच्या सपाट रस्त्यावर, दर थोड्या अंतरावर थांबत जाताना माझं मत फिरलं. हब मोटरचा जोर चेनवर येत नाही, त्यामुळे चेन आणि मागची दातेरी चाकं लवकर झिजत नाहीत. गिअर बदलताना खाडकन आवाज होत नाही. पॅडल सावकाश मारलं तरी ती कुरकुरत नाही. मधल्या मोटरीला मात्र पाय भराभर फिरलेले आवडतात. डोंगराळ भागात राहत नसाल तर आता मी हबच सुचवेन.

आणखी एक सुख अनपेक्षित होतं. युरोपच्या नियमाप्रमाणे बनवलेल्या सायकलींत ताशी २५ किलोमीटरला मोटरची मदत थांबते. तेवीस-चोवीस किलोची जड ई-सायकल त्या वेगाला कुणी मागून धरल्यासारखी वाटते. ही मात्र मदत सुटली तरी साध्या सायकलसारखी पुढे पळते.

वजनावरून लोक फार भांडतात, तेव्हा तोही हिशोब सांगते. चालवणारा ७५ किलोचा धरा. सायकल १५ ऐवजी १८ किलोची घेतली तर चढावर ओढायचं एकूण वजन ९० चं ९३ होतं, फरक तीन टक्क्यांच्या आसपास. मोटर चालू असताना तो जाणवतही नाही. जिना चढताना मात्र तोच फरक वीस टक्के होतो, कारण तिथे फक्त सायकल उचलायची असते. आणि बॅटरी निघत नसेल तर जिना चढावाच लागतो, प्लग वर असतो ना!

आता त्या भोकाबद्दल. माझ्या सायकलवर ते बसण्याच्या नळीच्या तळाशी, पॅडलच्या जरा वर आहे. पुढच्या चाकाचं पाणी आणि चिखल उडून नेमका तिथेच येतो. झाकण पहिल्यापासून एका कडेला किंचित उचललेलं राहायचं. बोटाने दाबलं की बसे आणि थोडं अंतर गेलं की पुन्हा वर येई. आत ओल शिरली, पिना हिरव्या पडल्या, आणि चार्जरचा दिवा लाल व्हायचं नावच घेईना. बाटलीच्या जागी बसणारी जादा बॅटरी घेणाऱ्यांना तर याची दुप्पट काळजी हवी, कारण अनेक सायकलींत ती याच भोकात जोडून चालवायची असते.

दुकानात पहिलं उत्तर मिळालं, “पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही.” मला हे पटलं नाही आणि पटणारही नाही. जी वस्तू रस्त्यावर, पावसात चालवायची म्हणून विकली जाते तिच्या झाकणातून पाणी गेलं, तर तो झाकणाचा दोष आहे. सुदैवाने नवी असतानाच मी त्या उचललेल्या कडेचे फोटो पाठवून तक्रार नोंदवली होती. तीच तारीख दाखवून अडून बसले, तेव्हा भोकाचा अख्खा भाग बदलून मिळाला, नवं झाकणही जाड आलं. मात्र बॅटरी बाहेर काढून देता येत नसल्याने एवढ्यासाठीही पूर्ण सायकल सोडून यावी लागली. फ्रेममध्ये बॅटरी कोंडून वाचवलेल्या वजनाची खरी किंमत अशा वेळी कळते.

सध्या मी असं करते: ओल्या रस्त्यावरून आल्यावर आधी भोक कोरड्या फडक्याने टिपते आणि वाळल्याशिवाय चार्जर लावत नाही. झाकणाच्या कडेला डायइलेक्ट्रिक, म्हणजे वीज न वाहू देणाऱ्या, ग्रीसचा पातळ हात देते. धुताना तिथे पाण्याचा झोत मारत नाही. चार्जिंगला घाईही नसते. ४२ व्होल्ट, २ अँपिअरचा चार्जर म्हणजे सुमारे ८४ वॉट, रिकामी बॅटरी तीन-साडेतीन तासांत भरते.

घेणार असाल तर दुकानात उकिडवे बसा, झाकण उघडा, लावा, चार-पाचदा करून बघा. बॅटरी निघणारी असेल आणि त्यापायी वजन थोडं वाढत असेल, तर मी ते वजन आनंदाने घेईन.

हब मोटर घेणाऱ्यांसाठी एक राहिलं. मागचं चाक पंक्चर झालं तर आधी मोटरच्या वायरचा जोड सोडवावा लागतो, मग अॅक्सलचे नट. त्या मापाचा पान्हा सोबत ठेवा. जोडावर बाणाच्या खुणा असतील तर परत लावताना त्या समोरासमोर आणून सरळ दाबा, पिळू नका. आतल्या पिना वाकल्या तर पुन्हा तेच दुकान आणि तोच वाद.