क्लायंटशी कलमात बोलायचं की सरळ मराठीत?

माझ्याकडं तीन वर्षं काम करून गेलेला एक पोरगा आता स्वतःचं ऑफिस टाकतोय, त्याचा परवा फोन आला. म्हणाला, सर एकच सांगा, पार्टीशी बोलताना टेक्निकल शब्द वापरायचे का सोपं करून सांगायचं, कारण सोपं सांगितलं की लोक म्हणतात यात काय एवढं आणि टेक्निकल बोललं की नुसती मान हलवतात. त्याला फोनवर अर्धवटच सांगून झालं म्हणून इथं लिहितोय. मी दोन्ही करून बघितलंय, पहिली पाच-सहा वर्षं एक आणि नंतर दुसरं. इचलकरंजीत टॅक्सचं काम करतो, पार्ट्या बहुतेक सूतवाले, मागवाले, सायझिंगवाले, त्यामुळं पुण्या-मुंबईत कंपन्यांचं काम करणाऱ्यांचा अनुभव वेगळा असू शकतो हे आधीच मान्य.

आधी कलमांच्या भाषेची बाजू घेतो, कारण ती अगदीच टाकाऊ नाही. मी ज्या सिनियरकडं शिकलो ते पार्टीसमोर सेक्शन नंबरशिवाय बोलायचेच नाहीत, आणि त्यांचं वजन होतं हो. समोरचा खुर्चीत जरा पुढं सरकून बसायचा, फी सांगितली की कमी करा म्हणायची त्याची हिंमत व्हायची नाही. दुसरं म्हणजे ज्याला भाषा येते त्याच्याशी ती फार पटकन होते. मोठ्या मिलच्या अकाउंटंटला मी '१४ तारखेची टू-बी बघा, दोन बिलं मिसिंग आहेत' एवढंच टाकतो (टू-बी म्हणजे जीएसटी पोर्टलवर येणारी आपल्या खरेदीच्या बिलांची यादी), तो समजतो, विषय संपला. त्याला जर मी समोरच्यानं रिटर्नमध्ये बिल दाखवलं नाही की आपलं अडकतं वगैरे समजावत बसलो तर तो चिडेल. आणि नोटिशीचं उत्तर तर त्याच भाषेत जायला पाहिजे, तिथं सोपेपणा चालत नाही, एक शब्द इकडचा तिकडं झाला की ऑफिसर तोच धरून बसतो.

पण वजनाचं एक सांगतो. १ एप्रिल २०२६ पासून नवीन इन्कम टॅक्स कायदा लागू झाला, आणि आमच्यासारख्यांनी पाठ केलेले सगळे नंबर एका रात्रीत जुने झाले. १९४सी, १९४जे असे टीडीएसचे जेवढे तोंडपाठ होते ते बहुतेक सगळे आता एका ३९३ मध्ये जाऊन बसलेत. ८०सी चं १२३ झालं. आणि गंमत म्हणजे ते 'असेसमेंट इयर', जे मी हजार वेळा समजावलं असेल की कमावलं त्या वर्षाच्या पुढचं वर्ष बरं का, ते कायद्यानंच काढून टाकलं, आता नुसतं 'टॅक्स इयर'. म्हणजे सरकारलाच शेवटी वाटलं की लोकांना कळत नाहीये, आणि आम्ही उगाच त्याच्यावर भाव खात होतो.

आता सोप्या भाषेकडं. इथं एक घोळ आधी काढून टाकतो, सोपी म्हणजे शुद्ध मराठी नव्हे. मध्यंतरी मला तो पण नाद लागला होता. 'कर निर्धारण वर्ष' म्हणायचो, 'विवरणपत्र' म्हणायचो, तर एक सायझिंगवाले म्हणाले साहेब, त्यापरीस इंग्लिशच बरं. रिटर्न म्हणजे रिटर्नच, ते सगळ्यांना कळतं. उलट ८०सी हा तर नोकरदारांच्या घरातला शब्द झालाय, त्याचं भाषांतर कशाला करायचं, तो जाणार म्हणून मलाच वाईट वाटतंय. सातबाराचं बघा की, मूळ आहे गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२, म्हणजे निव्वळ फॉर्मचे नंबर, पण गावात शेंबडं पोरगंही सातबारा म्हणतंय आणि कोरा करायच्या गोष्टी करतंय. तेव्हा शब्द कुठल्या भाषेतला हा प्रश्नच नाही, समोरच्याच्या डोक्यात तो शब्द काय होऊन पोचतोय एवढंच बघायचं. माझं सगळं तिथंच फिरलं.

झालं असं. एक कापडाची पार्टी, जुनी, चांगला माणूस. त्यांनी १२ लाखाचं सूत घेतलेलं, त्यावर ५ टक्क्यानं ६० हजार जीएसटी. सूत खराब निघालं म्हणून सूतवाल्याशी भांडण आणि पेमेंट अडवून ठेवलेलं. बिलाला सहा महिने होत आले होते. मी माझ्या नेहमीच्या थाटात सांगितलं, 'वन एटी डेज क्रॉस होतायत, पेमेंट नाही, आयटीसी रिव्हर्स करावं लागेल, रूल ३७.' आयटीसी म्हणजे इनपुट टॅक्स क्रेडिट, खरेदीवरचा जीएसटी आपल्या भरायच्या जीएसटीतून वजा करायला मिळतो तो. ते म्हणाले, 'बरं बरं, करा की साहेब.' मी डायरीत टिक केली, सांगितलं म्हणून.

तीन आठवड्यांनी रात्री साडेनऊला फोन, मी जेवायला बसलेलो. 'साहेब, ते रिव्हर्सचे ६० हजार खात्यावर कवा येणार? मी चार जुने माग ठरवलेत, ४० हजार इसार देऊन बसलोय.'

मला आधी कळेचना हे काय बोलतायत. मग कळलं आणि घास तोंडातच राहिला. आता तुम्ही म्हणाल माणूस अडाणी, तर अजिबात नाही, तीस वर्षं धंदा केलेला, सुताचा भाव झोपेतून उठवून विचारला तरी सांगेल. बाजारात क्रेडिट म्हणजे उधारी, क्रेडिटवर माल देणं म्हणजे उधार देणं. आणि रिव्हर्स म्हणजे मागं येणं, गाडी रिव्हर्स घेतली की मागं येते. तर त्यांच्या डोक्यात जे वाक्य तयार झालं ते असं, की १८० दिवस झालेत, आता सरकारकडची उधारी परत येणार. पूर्ण अर्थाचं वाक्य, कुठं अडायला जागाच नाही, म्हणून तर 'बरं बरं' म्हणाले. प्रत्यक्षात ६० हजार यायचे नव्हतेच, त्यांच्याकडून जायचे होते, वर व्याज.

मला त्या 'बरं बरं' चाच राग येतो अजून, त्यांचा नाही, त्या शब्दाचा. पार्टी काही विचारत नाही याचा अर्थ कळलं असा मी इतकी वर्षं काढत होतो. समोर चार माणसं बसलेली असतात, साहेब घाईत दिसतो, आपण विचारलं तर अडाणी दिसू, म्हणून बरं बरं. नंतर बाहेर जाऊन दुसऱ्या कुणाला तरी विचारतात, आणि तो दुसरा चहाच्या टपरीवरचा एक्स्पर्ट असतो. मार्च २०२४ आठवतोय का, ४३बी एच, छोट्या उद्योगांचं पेमेंट वेळेत केलं नाही तर तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही ते कलम? सगळं गाव फोर्टी थ्री बी एच करत होतं, ४५ दिवस ४५ दिवस, पण ते कुणाकडून घेतलेल्या मालाला लागतं, व्यापाऱ्याकडून घेतला तर काय, हे धड माहिती असलेला दहात एक सापडला असता तर नशीब.

तर दुसऱ्या दिवशी त्यांना बोलावलं आणि त्यांच्याच खतावणीच्या भाषेत सांगितलं. जमा आणि नावे हे त्यांच्या वडिलांच्या काळापासूनचे शब्द, कीर्द लिहिणाऱ्या घरातला माणूस तो. म्हटलं, सूत घेतलं तेव्हा त्यावरचा ६० हजार टॅक्स तुम्ही सूतवाल्याला देणार, म्हणून तो आपण आधीच जमा धरला आणि सरकारला तेवढे कमी भरले. आता सहा महिने झाले, तुम्ही त्याला दमडी दिली नाही. मग सरकार म्हणतंय, दिलाच नाही तर जमा कशाचा धरलास, टाक परत नावे. ज्या दिवशी त्याचे पैसे द्याल त्या दिवशी परत जमा धरू, व्याज मात्र गेलं ते गेलं.

दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, 'मग अर्धं पेमेंट करून टाकलं तर अर्ध्यापुरतंच नावे पडंल का?'

बरोबर हाच प्रश्न विचारायला पाहिजे होता, आणि उत्तर हो असंच आहे. पाच वर्षांत त्यांनी मला विचारलेला हा पहिला कामाचा प्रश्न. इसार मात्र बुडाला. ते मला काही बोलले नाहीत, पण मला ते ४० हजार माझ्या खात्यावर नावे आहेत असंच वाटतं.

सोप्या भाषेचे तोटेही सांगतो, नाहीतर म्हणाल हा माणूस एकतर्फी बोलतोय. वेळ जातो, हा उघड तोटा. फीवर घासाघीस होते, 'एवढंच तर होतं' हे वाक्य महिन्यातून एकदा ऐकावं लागतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे सोपं वाक्य लोक अक्षरशः धरतात. मी एकाला म्हणालो होतो, १२ लाखांपर्यंत टॅक्स नाही. खरंच आहे, नव्या रिजीममध्ये रिबेट, म्हणजे टॅक्समधली माफी, ६० हजारांपर्यंत झालाय. पण त्या भावानं शेअर्समध्ये दीड लाख शॉर्ट टर्म, म्हणजे वर्षाच्या आत विकून, कमावलेले आणि मला सांगितलेलं नाही, धंद्याचे ८ लाख. मार्चात अॅडव्हान्स टॅक्सच्या वेळी बघतो तर त्या दीड लाखावर २० टक्के, म्हणजे सेस धरून ३१,२०० भरायचे, कारण त्याला तो रिबेट लागत नाही. 'तुम्हीच म्हणला होता की साहेब!' आता कलमात बोललो असतो तर मी सुटलो असतो, पण त्याचे ३१,२०० काही सुटले नसते.

त्यामुळं माझं सध्याचं चालतं ते असं, तोंडी सगळं बाजारच्या भाषेत, आणि मग व्हॉट्सअॅपवर चार ओळी, त्यात कायद्याचा शब्द एकदाच पण अचूक, खाली 'हे कशाला लागत नाही' अशी एक ओळ. शेवटी समोरच्यालाच विचारायचं, आता तुम्ही काय करणार ते सांगा. तो सांगायला लागला की लगेच कळतं गाडी कुठं रुळावरून उतरली. मी काही घड्याळ लावून मोजलेलं नाही, पण पूर्वी १८ ते २० तारखेला, थ्री-बी हे महिन्याचं जीएसटी रिटर्न भरायच्या गडबडीत, रात्री फोन सायलेंटवर टाकून जेवायचो, आता टाकत नाही. कंपन्यांच्या अकाउंटंटशीच काम असेल तर माझं ऐकू नका, तुमचं टू-बी थ्री-बी चालू द्या. पण समोर मालक स्वतः येऊन बसत असेल तर निदान महिनाभर करून बघा असं मी त्या पोराला म्हणालो.

आणि हो, तेच कापडवाले यंदा फेब्रुवारीत दुसऱ्याच कामाला आले होते. निघताना दारात चप्पल घालता घालता म्हणाले, 'साहेब, दसऱ्याच्या बिलाचं १८० बरोबर ३१ मार्चला भरतंय. पेमेंट २५ लाच टाकतो, उगा नावे नको पडायला.' ते गेल्यावर मी कॅलेंडर काढून मोजलं. २ ऑक्टोबर ते ३१ मार्च, एका दिवसाचाही फरक नाही.