कापडी आरामखुर्ची घ्या, पण फळी नको

शाळेच्या दाखल्यावर 1 जून ही जन्मतारीख पडलेले पुष्कळ शिक्षक आणि कारकून 58 पूर्ण होताना 31 मे रोजी निवृत्त होतात. रयत शिक्षण संस्थेचं मुख्यालय असलेल्या साताऱ्यात अशी घरं आळीआळीला सापडतील. शाल-श्रीफळ घरी येतं आणि दुसऱ्या दिवसापासून सुरू होतं, "आता पुढं काय? क्लास काढा, एजन्सी घ्या." अशा माणसासाठी सागवानी घडीची कापडी आरामखुर्ची जरूर घ्यावी. मात्र पारखून.

मागचा टेकू ज्या खाचांत बसतो त्या अर्धा इंच तरी खोल हव्यात. उथळ खाचेतून कूस बदलताना टेकू निसटतो. कापड जाड सुती कॅनव्हासचं, 18 इंच रुंद. दांडा ज्या नेफ्यातून जातो तिथं दुहेरी शिलाई आहे का बघा. सगळं वजन त्या दोन टोकांवर येतं, म्हणून कापड तिथंच फाटतं. नवं कापड वापरून सैल पडतं, झोळी खाली जाते आणि आडवा दांडा कमरेला टोचू लागतो. नेफा उसवून इंच-दीड इंच आत घेतला की झालं.

उठणं ही खरी अडचण. झोळी जमिनीपासून जेमतेम फूटभर राहते. गुडघे धरलेल्यांनी ही घेऊच नये, त्यांना 17-18 इंच उंचीची वेताची खुर्ची बरी. घडी घालताना हात बाहेरच्या चौकटीवर ठेवा, बोल्टजवळच्या फटीत बोट चेमटतं.

काही सुतार हातांवर सरकती फळी बसवून देतात, लॅपटॉपसाठी. ती घेऊ नका. रेलून टाइप करताना मान पुढं काढावी लागते, खांदे भरून येतात. शिवाय फळी दिसली की तिच्यावर सोसायटीच्या वह्या आणि शेजाऱ्यांचे फॉर्म येऊन पडतात. 30-35 वर्षं घंटेवर चाललेल्या माणसाला नुसतं बसणं आपोआप जमत नाही, पहिले काही महिने हात काम शोधत राहतात. तो वेळ त्याला मिळू द्या. खुर्चीचे हात 3 इंच रुंद आणि सपाट करून घ्या, चहाचा कप राहील एवढे.

साताऱ्याच्या पावसात ओसरीवर ठेवली तर कापडाला बुरशी धरते. जून ते सप्टेंबर आत घ्या, फिरत्या सांध्यांना मेणबत्ती घासा. इतर वेळी अंगणात मांडली तर उठताना सावलीत ओढा, उन्हानं सुती धागा विरतो.