बाहेरच्या नाताळ-रोषणाईसाठी एलईडी माळा: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

नाताळनिमित्त घराच्या बाहेरच्या अंगाला लावलेल्या एलईडी माळा सण संपल्यावर मी मुद्दामच उतरवल्या नाहीत. ऊन, पाऊस, वारा आणि धूळ यांत त्या कितपत टिकतात हे पाहायचे होते, कारण खोक्यावर छापलेल्या ‘५०,००० तास’ या आकड्याचा उघड्यावरच्या वापराशी फारसा संबंध नसावा अशी शंका होती. तो आकडा एलईडीच्या चिपचा असतो, आणि तोही बहुधा तिचा उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर उतरेपर्यंतचा. रोज सहा तास लावली तरी अशी चिप वीस वर्षांहून अधिक काळ चालायला हवी. प्रत्यक्षात बंद पडलेल्या एकाही माळेत चिप दोषी निघाली नाही. त्यामुळे बाहेरच्या सजावटीसाठी माळ निवडताना चिपची काळजी सर्वांत शेवटी करावी आणि होल्डर, जोड, वायर, अडॅप्टर व रेक्टिफायर (विजेला एकाच दिशेने वाहायला लावणारा भाग) यांची आधी करावी, असे माझे आता स्पष्ट मत झाले आहे.

मी तीन प्रकारच्या माळा वापरल्या. छपराच्या कडेने मोठ्या, शंकूच्या आकाराच्या, बदलता येणाऱ्या बल्बांची सी-९ माळ होती. झुडपांवर आणि झाडाच्या खोडाभोवती ५ मिलिमीटरच्या बारीक दिव्यांची एकसंध माळ होती. आणि गेटवरच्या ताऱ्यासाठी प्रत्येक दिव्याचा रंग स्वतंत्रपणे बदलता येणारी, म्हणजे पिक्सेल प्रकारची माळ होती.

सी-९ माळ दुरून सर्वांत देखणी दिसते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. बल्ब मोठे आणि एकमेकांपासून अंतरावर असल्यामुळे छपराची रेषा ठळक उमटते. जुना तापदीप्त, म्हणजे आतली तार तापून उजळणारा, सी-९ बल्ब सुमारे ७ वॉट वीज घेत असे. त्याच आकाराचा एलईडी बल्ब अर्धा ते एक वॉटवर भागवतो. शंभर बल्बांचा हिशेब केला तर ७०० वॉटच्या जागी फार तर १०० वॉट लागतात, म्हणून एकापुढे एक अशा कितीतरी अधिक माळा जोडता येतात. किती जोडायच्या याची मर्यादा मात्र प्लगजवळच्या पट्टीवर दिलेली असते आणि ती पाळलीच पाहिजे, कारण ती वायरच्या जाडीवर आणि आतल्या फ्यूजवर ठरते. हिवाळ्यात बर्फ पडणाऱ्या प्रदेशातील वाचकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी: जुने बल्ब तापत असल्याने त्यांच्यावर साचलेला बर्फ वितळून जाई, एलईडी बल्ब जवळजवळ थंड राहतो आणि बर्फाखाली झाकला गेला की झाकलेलाच राहतो. चिपला मात्र ही थंडी मानवते. ती गारठ्यात किंचित अधिक उजेड देते.

या माळेचे दुखणे तिच्या सोयीतच आहे. बल्ब बदलता येतो याचा अर्थ होल्डर आणि बल्ब यांच्यामध्ये फट असते, आणि पावसाचे पाणी ती फट शोधतेच. होल्डर वरच्या बाजूने उघडा राहील अशा रीतीने लावलेल्या भागात काही बल्ब आधी मंद झाले, मग बंद पडले. काढून पाहिले तेव्हा संपर्काच्या पत्र्यावर हिरवट थर चढलेला होता. बल्ब खाली तोंड करून लावलेला भाग जवळजवळ निर्दोष राहिला. ज्या माळेच्या होल्डरला आतून रबरी कडी असते आणि बल्ब फिरवताना ती दाबली जाऊन फट बंद होते, तीच घ्यावी. उन्हाचा परिणामही येथेच पाहायला मिळाला. लाल बल्बांचे प्लॅस्टिकचे कवच दिवसा पाहिले तर फिकट गुलाबी झाले आहे, पण रात्री उजेड पूर्वीइतकाच लाल पडतो, कारण तो रंग कवचाचा नसून चिपचा आहे. ज्या बल्बात पांढऱ्या चिपवर नुसते रंगीत कवच चढवलेले असते, तेथे हे समाधान मिळणार नाही.

बारीक दिव्यांची एकसंध माळ दिसायला साधी, पण टिकण्यात सर्वांत पुढे निघाली. तिच्यात प्रत्येक दिवा वायरशी कायमचा जोडून वर प्लॅस्टिक ओतलेले असते. बदलायची सोय नाही, म्हणून पाणी शिरायलाही वाट नाही. बदलता येणाऱ्या बारीक दिव्यांच्या माळा मी पूर्वी वापरल्या आहेत. त्यांत एलईडीचे पाय बारीक लोखंडी तारेचे असतात आणि त्यांवर कथिलाचा पातळ मुलामा असतो. पाणी गेले की ते गंजतात, एक पाय तुटला की त्या एकसरीतला सगळा तुकडा अंधारात जातो, आणि दोषी दिवा शोधण्यात संध्याकाळ संपते. एकसंध माळेत दुरुस्ती अशक्य असूनही मी तिलाच पसंती देतो. जी दुरुस्ती करावीच लागत नाही तिची सोय नसली तरी चालते. घेताना दिव्याच्या टोकाकडे जरूर पाहावे. गोल टोकाचा ५ मिलिमीटरचा एलईडी आपला उजेड समोर अरुंद झोतात फेकतो आणि बाजूने पाहणाऱ्याला निस्तेज दिसतो. टोकाला आत वळलेला खळगा असेल तर उजेड चहूकडे पसरतो. झाडाभोवती गुंडाळताना दिवे कोणत्याही दिशेला तोंड करतात, त्यामुळे तेथे खळग्याचेच दिवे हवेत.

लुकलुकण्याचा प्रश्न जाहिरातीत कधीच येत नाही, तरी माझ्या दृष्टीने तो खरेदीचा निर्णय फिरवणारा आहे. एलईडी हा डायोड असल्याने वीज एकाच दिशेने वाहू देतो. घरातली वीज प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा बदलणारी, असते, म्हणून रेक्टिफायर नसलेली माळ प्रत्येक आवर्तनाचा अर्धाच भाग उजळते आणि सेकंदाला ५० किंवा ६० वेळा विझते. सरळ टक लावून पाहिले तर ते जाणवत नाही, पण मान वळवली की दिवे ठिपक्यांच्या रांगेत तुटतात, आणि वाऱ्याने माळ हलू लागली की तो त्रास वाढतो. काहींचे यामुळे डोकेही दुखते. पूर्ण तरंगाचा रेक्टिफायर असेल तर हेच प्रमाण १०० किंवा १२० होते आणि मधला अंधार इतका आखूड होतो की बहुतेकांना तो कळत नाही. अडॅप्टरवर चालणाऱ्या एकदिश विजेच्या माळेत हा दोष मुळातच नसतो, मात्र तिचा उजेड कमी करण्याची सोय झपाट्याने चालू-बंद करण्यावर आधारलेली असेल तर तो मागच्या दाराने परत येतो. पारख सोपी आहे: माळेचे टोक हातात धरून अंधारात जोराने हलवावे. उजेडाची रेघ अखंड दिसली तर माळ चांगली. सुटे ठिपके दिसले तर घेऊ नये.

रंगाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण उत्तम माळा चुकीच्या रंगामुळे वाया गेलेल्या मी पाहिल्या आहेत. १८८२मध्ये न्यूयॉर्क येथे एडिसन यांचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी नाताळच्या झाडावर ८० लाल, पांढरे आणि निळे विजेचे दिवे लावले, तेव्हा निळा उजेड मिळवण्यासाठी काचच निळी असावी लागे आणि दिव्याचा बहुतेक प्रकाश त्या काचेतच अडे. दृश्य लाल प्रकाश देणारा एलईडी १९६२मध्ये आला, पण प्रखर निळा एलईडी मिळायला १९९०चे दशक उजाडावे लागले. त्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आजचा पांढरा एलईडी हादेखील मुळात निळाच असतो. त्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या फॉस्फरचा लेप असतो. लेप कमी असेल तर उजेड ६,००० केल्विनच्या (हे उजेडाच्या छटेचे माप, आकडा लहान तितकी छटा उबदार) आसपासचा, निळसर आणि काहीसा इस्पितळी वाटणारा पडतो. जुन्या दिव्यांची ऊब हवी असेल तर २,७०० केल्विन लिहिलेली माळ घ्यावी. ‘वॉर्म व्हाइट’ एवढ्याच शब्दांवर विसंबू नये, कारण तेच शब्द छापलेल्या दोन माळा माझ्याकडे आहेत आणि शेजारी लावल्यावर एक लोण्यासारखी, तर दुसरी चक्क हिरवट दिसते.

निळ्या माळांबाबत माझे मत कदाचित अनेकांना पटणार नाही: त्या थोड्याच वापराव्यात. डोळ्याचे भिंग निळा प्रकाश इतर रंगांहून अधिक वाकवते, त्यामुळे दुरून निळे दिवे अस्पष्ट, पसरलेले दिसतात. शिवाय अंधाराला सरावलेली नजर निळ्याला अधिक दिपते. संपूर्ण दर्शनी भाग निळा केलेले घर रस्त्यावरून धूसर दिसते. लाल आणि हिरव्याच्या मध्ये अधूनमधून आलेला निळा मात्र शोभतो.

पिक्सेल माळेने सर्वाधिक आनंद दिला आणि सर्वाधिक डोकेही खाल्ले. तिच्या प्रत्येक दिव्यात लाल, हिरवा, निळा असे तीन एलईडी आणि एक छोटी नियंत्रक चिप असते. डब्ल्यूएस २८१२बी जातीच्या चिपच्या माळा ५ व्होल्टवर, तर डब्ल्यूएस २८११च्या अनेक माळा १२ व्होल्टवर चालतात. पूर्ण पांढऱ्या उजेडात ५ व्होल्टचा एक दिवा सुमारे ६० मिलिअँपिअर घेतो, म्हणजे पन्नास दिव्यांना ३ अँपिअर लागतात. एवढा प्रवाह बारीक वायरमधून जाताना व्होल्टेज पडत जाते. निळ्या आणि हिरव्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट, तर लालला सुमारे २ व्होल्ट पुरतात, म्हणून शेवटच्या दिव्यांत निळा आधी उपाशी राहतो आणि पांढरा रंग पिवळा, मग तांबूस होत जातो. माझ्या ताऱ्याच्या खालच्या टोकावर हेच दिसले. दुसऱ्या टोकालाही वीजपुरवठा जोडला की दोष नाहीसा होतो. उजेड तिसऱ्या हिश्श्यावर आणला तरीही होतो, आणि खरे सांगायचे तर रात्री तेवढाच उजेड डोळ्यांना बरा वाटतो. लांब अंतरासाठी १२ व्होल्टचीच माळ घ्यावी, असा माझा सल्ला आहे.

या प्रकारात आदेश एका दिव्यातून पुढच्या दिव्याकडे जातो, त्यामुळे मधला एक बिघडला की पुढचे सगळे मुके होतात किंवा वेडेवाकडे रंग दाखवतात. डब्ल्यूएस २८१५मध्ये आदेशासाठी दुसरी, पर्यायी वायर असते आणि एकटा दिवा गेल्याने रांग थांबत नाही. पोहोचायला अवघड अशा उंचीवर तीच वापरावी. मोफत मिळणारी डब्ल्यूएलईडी ही माळ चालवणारी संगणक-प्रणाली ईएसपी ३२ या छोट्या इलेक्ट्रॉनिक पाटीवर चढवून मी नियंत्रण केले. कंपनीच्या ॲपशिवाय आणि इंटरनेटशिवाय माळ चालते, हा तिचा मोठा गुण आहे. कंपनी बंद पडली म्हणून तारा बंद पडण्याची भीती उरत नाही.

आता पाण्याविषयी. खोक्यावरचा ‘आयपी’ आकडा धूळ आणि पाणी यांपासूनच्या संरक्षणाचा दर्जा सांगतो. आयपी ४४ म्हणजे कोणत्याही दिशेने उडालेल्या शिंतोड्यांपासून संरक्षण, आयपी ६५ म्हणजे धुळीपासून पूर्ण आणि पाण्याच्या झोतापासून संरक्षण, आयपी ६७ म्हणजे मर्यादित वेळ पाण्यात बुडाले तरी चालेल असे संरक्षण. वळचणीखाली ४४ पुरते, उघड्या झाडावर ६५ असावे. मात्र हा आकडा अनेकदा दिव्यांपुरताच खरा असतो. त्याच माळेचा अडॅप्टर फक्त घरात वापरण्याजोगा असल्याचे खोक्याच्या तळाशी बारीक अक्षरांत सापडते. बाहेरच्या प्लगवर प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधण्याची पद्धत मी टाळतो, कारण आत दमट हवा अडकून दव साचते. जोड जमिनीपासून उंच, तोंड खाली करून टांगावा आणि वायरला जोडाच्या अलीकडे खाली झोल द्यावा, म्हणजे पाणी झोलावरून ठिबकून जाते. सगळी बाहेरची जोडणी गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणाऱ्या स्विचवरूनच घ्यावी. घरगुती वापरात तो ३० मिलिअँपिअरचा असतो, काही देशांत त्याहून बराच संवेदनशील. पावसात तो पडला तर चिडून दाबत बसू नये, ओला जोड शोधावा.

आठ प्रकारे लुकलुकणाऱ्या माळेचा कंट्रोलर टायमरवर लावायचा असेल तर त्याला स्मरण आहे का, हे आधी पाहावे. माझ्याकडचा एक दररोज वीज आली की पहिल्या, अखंड थयथयाट करणाऱ्या प्रकारावरच सुरू होई आणि स्थिर उजेडासाठी बटण सात वेळा दाबावे लागे. अंधार ओळखणारा सेन्सरही माळेपासून दूर ठेवावा. माळेचाच उजेड त्यावर पडला तर त्याला सकाळ झाल्यासारखे वाटते आणि दिवे रात्रभर लागतात-विझतात.

सौर माळांबद्दल लिहिण्यासारखे फार नाही. नाताळ उत्तर गोलार्धात वर्षातल्या सर्वांत आखूड दिवसांत येतो, तळहाताएवढे पॅनेल तेवढ्या उन्हात बॅटरी भरू शकत नाही, आणि दिवे ऐन पाहुण्यांच्या वेळी मावळतात. वायर पोहोचत नाही अशा एखाद्या कोपऱ्यापुरत्या त्या ठीक आहेत.

येत्या हंगामासाठी छपराची माळ मी रबरी कडीच्या होल्डरची घेणार आहे, झुडपांवरची तीच ठेवणार आहे आणि ताऱ्याचा ५ व्होल्टचा भाग बदलून १२ व्होल्टचा करणार आहे. नवी माळ घेताना एक जादा माळ त्याच वेळी, त्याच खोक्यांच्या चळतीतून घेऊन ठेवीन, कारण पांढऱ्या एलईडीची छटा उत्पादनाच्या प्रत्येक खेपेत थोडी बदलते आणि पुढच्या वर्षी आणलेली तशीच माळ जुनीशी जुळेलच असे नाही.